साहित्य आणि दृश्यकला : एका सत्राच्या अभ्यासक्रमाचे नियम कसे ठरवावेत

एका तरुण सहकारी प्राध्यापिकेचा प्रश्न असा आहे : येत्या सत्रात पदवीच्या वर्गाला ‘साहित्य आणि दृश्यकला’ हा अभ्यासक्रम प्रथमच शिकवायचा आहे. वर्गात निम्मे विद्यार्थी साहित्याचे, तर निम्मे चित्रकला आणि शिल्पकला शिकणारे असतील. पहिल्या दिवशी द्यावयाच्या माहितीपत्रकात प्रवेशाच्या अटी, उपस्थिती, लेखनकार्य, मुदती, गुणदान आणि शिस्तीचे कोणते नियम असावेत, आणि ते किती कडक असावेत?

हा अभ्यासक्रम मी वीसहून अधिक वर्षे, दर वेळी थोडा बदलत, शिकवत आले आहे. माझा पहिला आग्रह असा की, केवळ साहित्याच्या एखाद्या अभ्यासक्रमाचे नियम उचलून त्यात ‘चित्र’ हा शब्द घालू नका. साहित्याच्या वर्गात विद्यार्थ्याने पाठ्य वाचले नसेल तर ते दोन प्रश्नांत कळते. चित्र त्याने पाहिले की नाही, हे मात्र सहज कळत नाही. त्याचे त्यालाही कळत नाही. दहा सेकंद नजर टाकली की पाहून झाले असे वाटते आणि मग कवितेतून जे हाती लागले तेच चित्रात असल्याचे तो लिहून मोकळा होतो. या अभ्यासक्रमातील बहुतेक दुबळे निबंध याच एका कारणाने दुबळे असतात. म्हणून माहितीपत्रकातील प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारावा : यामुळे विद्यार्थी अधिक वेळ पाहील काय, आणि अधिक बारकाईने वाचील काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो नियम कितीही रूढ असला तरी गाळण्यास हरकत नाही.

पूर्वअटीबाबत फार लिहिण्याची गरज नाही. चित्र काढता येणे ही अट नाही, हे मात्र पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट शब्दांत लिहावे, कारण साहित्याचे अनेक चांगले विद्यार्थी याच भीतीने नाव मागे घेतात. तसेच, दीर्घ निबंध लिहिण्याचा सराव नसलेल्या कला-विद्यार्थ्यांना तो सराव येथेच मिळेल, हेही सांगावे. पूर्वअटींऐवजी पहिले दोन आठवडे सामाईक परिभाषेसाठी राखून ठेवावेत. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी रचनाबंध, अग्रभाग आणि पार्श्वभूमी, प्रकाशाची दिशा, पोत, चित्रातील व्यक्तींच्या नजरेचा रोख हे शब्द वापरायला शिकावे. कला-विद्यार्थ्यांनी निवेदक, दृष्टिकोन, लय, ओळीचा तुटण्याचा बिंदू हे शब्द आत्मसात करावेत. तिसऱ्या आठवड्यात वीस मिनिटांची लहानशी चाचणी घ्यावी. तिचे गुण धरू नयेत. कोणाला कोठे मदत लागेल एवढे तिच्यातून कळावे.

आता वाचनाच्या आणि पाहण्याच्या यादीकडे वळू. चौदा आठवड्यांच्या सत्रात दहा ते बारा जोड्यांपेक्षा, म्हणजे एक पाठ्य आणि एक कलाकृती अशा जोड्यांपेक्षा, अधिक ठेवू नका. पहिल्या काही वर्षांत मी पंचवीस ठेवत असे आणि सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांच्या मनात चित्रांची सरमिसळ उरत असे. सैद्धांतिक वाचन थोडे परंतु अनिवार्य असावे. चित्र म्हणजे मूक काव्य आणि काव्य म्हणजे बोलके चित्र, हे प्लुटार्कने ग्रीक कवी सिमोनिडीजच्या नावे नोंदवलेले वचन. काव्य चित्रासारखे असते, हे रोमन कवी होरेसचे सूत्र. आणि या साम्याला १७६६ मध्ये जर्मन लेखक लेसिंगने ‘लाओकून’ या ग्रंथात दिलेले उत्तर, एवढे तीन टप्पे पुरेसे आहेत. शब्द काळात एकापाठोपाठ येतात, तर रंग आणि आकार अवकाशात शेजारी शेजारी एकाच वेळी असतात. म्हणून क्रिया हा काव्याचा आणि वस्तू हा चित्राचा स्वाभाविक विषय, असे लेसिंगचे प्रतिपादन आहे. विद्यार्थ्यांनी ते मान्य करावे अशी माझी अपेक्षा नसते, परंतु सत्रभर त्याच्याशी वाद घालण्याइतके ते त्यांना नीट कळलेले असावे. होमरने अकिलीझची ढाल तयार वस्तू म्हणून न दाखवता ती घडत असताना दाखवली, हे लेसिंगचे निरीक्षण एकदा वर्गात ‘इलियड’चा अठरावा सर्ग उघडून पडताळले की ही चर्चा कोरडी राहत नाही.

कोणती आवृत्ती वापरायची, हेही माहितीपत्रकात लिहावे. येथे हा केवळ सोयीचा प्रश्न नसतो. इंग्रज कवी आणि चित्रकार ब्लेकने १७८९ पासून आपल्या कविता आणि चित्रे एकाच धातूच्या पत्र्यावर कोरून छापली आणि प्रती हाताने रंगवल्या. त्यामुळे एका प्रतीतील रंग दुसऱ्या प्रतीत तसेच असतील असे नाही. त्याची कविता केवळ छापील संग्रहातून वाचून आलेला विद्यार्थी या अभ्यासक्रमाच्या दृष्टीने निम्मेच वाचून आलेला असतो.

अभ्यासक्रमाचा कणा मात्र पाहण्याची वही हाच आहे, आणि नियम कडक असावेत ते येथेच. दर आठवड्याला एक कलाकृती, सलग तीस मिनिटे, तिच्याशी जोडलेले पाठ्य वाचण्यापूर्वी पाहावी आणि हाताने लिहावे, असा माझा नियम आहे. पानाच्या डाव्या अर्ध्या भागात फक्त दिसते ते लिहावयाचे, उजव्या भागात त्यावरून काय वाटते ते. समासात दर पाच मिनिटांनी वेळ नोंदवावयाची. ओबडधोबड रेखाटन चालते. किंबहुना ज्यांनी कधी पेन्सिल हाती धरलेली नाही त्यांच्यासाठी ते अधिक उपयोगी ठरते, कारण रेषा काढायला गेल्यावरच हात कोठून सुरू होतो आणि बाहीत कोठे नाहीसा होतो याकडे डोळा जातो. वहीचे गुण नियमितपणाला आणि तपशिलाला द्यावेत. सौंदर्याला किंवा निष्कर्षांच्या हुशारीला देऊ नयेत.

याचा परिणाम कसा होतो, हे एका उदाहरणाने सांगते. ब्रुसेल्सच्या राजसंग्रहालयातील, सोळाव्या शतकातील चित्रकार ब्रॉयगलच्या नावाने ओळखले जाणारे, इकारसच्या (ग्रीक पुराणकथेत वडिलांसोबत पंख लावून उडताना समुद्रात पडलेल्या मुलाच्या) पतनाचे चित्र मी तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात देते. (अनेक अभ्यासक तो कॅनव्हास हरवलेल्या मूळ चित्राची नंतरची प्रत मानतात, ही माहितीसुद्धा मी वह्या लिहून झाल्यावरच देते.) शीर्षक न सांगता चित्र दिले, तर पहिल्या दहा मिनिटांत वह्यांत नांगर धरलेला शेतकरी, लाल बाही, हिरवट समुद्र, जहाज, मेंढपाळ येतात. पाण्याबाहेर राहिलेले दोन पाय, उजव्या खालच्या कोपऱ्यातले, अनेकांच्या वहीत पंधराव्या मिनिटानंतर येतात आणि काहींच्या वहीत येतच नाहीत. त्यानंतर रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’च्या आठव्या खंडातील ओळी वाचावयाच्या. तेथे मासे धरणारा, मेंढपाळ आणि नांगरणारा हे तिघे बाप-लेकांना आकाशात उडताना पाहून थक्क होतात आणि त्यांना देव समजतात. चित्रात तेच तिघे आहेत, पण थक्क कोणीच नाही. नांगरणारा खाली पाहतो, मासे धरणारा आपल्या कामात आहे. मेंढपाळ वर पाहतो खरा, परंतु पडणाऱ्या मुलाकडे त्याची पाठ आहे. चित्रकाराने कथेतील माणसे ठेवली आणि त्यांचे आश्चर्य काढून घेतले, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या वहीवरून सिद्ध करता येते. मग याच चित्रावरच्या, ऑडनची १९३८ मधली आणि विल्यम कार्लोस विल्यम्सची १९६२ च्या संग्रहातली अशा दोन्ही कविता समोर ठेवाव्यात. ऑडन आधी इतर चित्रांतील दुःखाविषयी बोलतो आणि इकारसकडे उत्तरार्धात येतो. विल्यम्सच्या अगदी आखूड ओळींत ते बुडणे शेवटच्या कडव्यात, जवळजवळ बातमीसारखे उरते. ज्याने पाय उशिरा शोधले त्याला हा उशीर कवितेच्या रचनेतही दिसतो. वही आधी लिहिलेली नसेल, तर हे सगळे शिक्षकाचे व्याख्यान होऊन बसते. म्हणूनच पाठ्य आधी वाचून नंतर लिहिलेली नोंद मी ग्राह्य धरत नाही.

दुसरा कडक नियम प्रतिकृतीविषयीचा. पडद्यावर सर्व चित्रे एकाच मापाची होतात. ‘मोना लिसा’ ७७ बाय ५३ सेंटिमीटर आहे, तर पिकासोचे १९३७ चे ‘गेर्निका’ जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे. मोबाईलवर दोन्ही तळहातात मावतात. म्हणून प्रत्येक निबंधात चित्राचा तपशील देणे अनिवार्य करावे : कलावंत, शीर्षक, वर्ष, माध्यम, मापे, संग्रह, आणि प्रत्यक्ष कलाकृती पाहिली की प्रतिकृती, व प्रतिकृती असेल तर कोणती. हा शेवटचा तपशील विद्यार्थ्यांना कटकटीचा वाटतो. तेव्हा मी त्यांना लाओकून शिल्पाची, म्हणजे सापांच्या विळख्यात सापडलेला ट्रॉयचा पुरोहित लाओकून आणि त्याचे दोन मुलगे दाखवणाऱ्या प्राचीन शिल्पाची, गोष्ट सांगते. हे शिल्प १५०६ मध्ये रोममध्ये सापडले तेव्हा पित्याचा उजवा हात तुटलेला होता. दुरुस्ती करणाऱ्यांनी तो वर ताणलेला दाखवला आणि पुढच्या पिढ्यांनी पाहिल्या त्या प्रतिकृतींत व मुद्राचित्रांत हात तसाच ताणलेला होता. १९०६ मध्ये मूळ हात मिळाला, तो कोपरात दुमडून डोक्यामागे गेलेला. आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो शिल्पाला जोडण्यात आला. स्वतः लेसिंग इटलीला गेला तो १७७५ मध्ये, म्हणजे ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर नऊ वर्षांनी. वेदना आणि संयम यांविषयीचा केवढा तरी विचार मूळ शिल्प न पाहता, आणि वेगळ्याच हाताच्या आधारे झाला. आपण कशाकडे पाहून लिहितो आहोत ते नोंदवणे किती महत्त्वाचे आहे, हे पटवून देण्यास यापेक्षा अधिक काही लागत नाही.

चांगल्या प्रतिमा मिळणे आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. अ‍ॅम्स्टरडॅमचे राईक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम यांनी हक्कमुक्त कलाकृतींच्या मोठ्या आकाराच्या प्रतिमा सर्वांना वापरासाठी खुल्या केल्या आहेत. मेट्रोपॉलिटनने हे धोरण २०१७ मध्ये स्वीकारले. यादी करताना शक्य तितक्या कलाकृती अशा संग्रहांतून घ्याव्यात. सत्रात किमान एक मूळ कलाकृती प्रत्यक्ष पाहण्याची अट अवश्य ठेवावी, परंतु ती संग्रहालयातीलच असावी असा हट्ट धरू नये. चौकातील पुतळा, प्रार्थनास्थळातील भित्तिचित्र, ग्रंथालयातील सचित्र हस्तलिखित, यांपैकी काहीही चालावे. प्रवासाचा किंवा प्रवेशशुल्काचा खर्च करू न शकणाऱ्या विद्यार्थ्याला वेगळा अर्ज करावा लागेल, असा नियम मुळातच लिहू नये.

उपस्थितीविषयी थोडक्यात सांगते. दोन गैरहजेऱ्या कारण न विचारता माफ असाव्यात. त्यापुढील प्रत्येक गैरहजेरीसाठी त्या आठवड्याच्या कलाकृतीवर साठ मिनिटांची नोंद आणि एका सहाध्यायाशी झालेल्या चर्चेचे टिपण मागावे. वर्गात चित्र सामूहिकपणे पाहताना एकाला दिसलेली गोष्ट दुसऱ्याला दिसू लागते. व्याख्यानाच्या टिपणांतून ते मिळत नाही, आणि उपस्थितीचा आग्रह केवळ त्यासाठीच आहे, हे कारण माहितीपत्रकात लिहून टाकावे. फोन आणि संगणक पहिल्या वीस मिनिटांत बंद असावेत. नंतर चित्राचा एखादा भाग मोठा करून पाहण्यासाठी ते खुशाल वापरावेत. सरसकट बंदी येथे गैरलागू आहे.

लेखनकार्याची वाटणी मी पुढीलप्रमाणे करते : वहीला वीस गुण, पहिल्या निबंधाला पंधरा, दुसऱ्याला वीस, सर्जनशील कामाला दहा, वर्गातील सहभागाला दहा आणि सत्रांत परीक्षेला पंचवीस. यांतील पहिला निबंध माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. सहाशे शब्दांत एका कलाकृतीचे केवळ वर्णन करावयाचे; अर्थ सांगावयाचा नाही, संदर्भग्रंथ पाहावयाचे नाहीत, ‘प्रतीक’ हा शब्द वापरावयाचा नाही. वाचणाऱ्याने चित्र पाहिलेले नसताना त्याला ते मनात उभे करता यावे, एवढीच कसोटी. प्राचीन ग्रीक वक्तृत्वशाळांत ‘एक्फ्रासिस’ हा शब्द अशाच सरावासाठी होता : ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वस्तू किंवा प्रसंग आणून ठेवणारे वर्णन. वर्णनाला सुरुवात कोठून करावी, डावीकडून की प्रकाशापासून की चेहऱ्यापासून, हे ठरवतानाच विद्यार्थ्याला कळते की वर्णन हेसुद्धा अर्थ लावणेच आहे. ते मी आधी सांगत नाही.

दुसरा निबंध दीड हजार शब्दांचा, पाठ्य आणि कलाकृती यांच्या संबंधावर. गुणदानाचा निकष एका वाक्यात द्यावा : शब्दाला जे करता आले आणि चित्राला आले नाही, व चित्राला जे करता आले आणि शब्दाला आले नाही, ते दोन्ही निश्चित तपशिलांनिशी दाखवले आहे काय? केवळ साम्ये मोजणाऱ्या निबंधाला मी निम्म्याहून अधिक गुण देत नाही, भाषा कितीही सफाईदार असो. सर्जनशील कामात चित्रावर कविता किंवा पाठ्यावरून चित्र यांपैकी काहीही करावे, पण सोबत तीनशे शब्दांचे टिपण द्यावे, आणि गुण त्या टिपणातील निर्णयांच्या स्पष्टीकरणाला असावेत. तसे न केल्यास ज्याच्या हातात कला आहे त्याला सहज गुण मिळतात आणि ज्याला नाही तो घाबरतो.

मुदतींबाबत माझे मत काळानुसार बदलले. पूर्वी मी जेथे शिकवत होते तेथे उशिरा आलेल्या निबंधाला शून्य देण्याचा नियम होता आणि मी तो निष्ठेने पाळला. एका विद्यार्थिनीने दोन दिवस उशिरा दिलेला निबंध त्या वर्षीचा सर्वांत सखोल होता. शून्य मिळाल्यावर तिने पुढचे काहीही दिले नाही. आजही मला त्याचे वाईट वाटते. आता सत्रात एकदा तीन दिवसांची सवलत, कारण न विचारता, प्रत्येकाला मिळते. त्यानंतर प्रत्येक दिवसाला एकूण गुणांच्या पाच टक्के वजा. वहीला मात्र सवलत नाही, कारण मागाहून एका रात्रीत लिहिलेल्या सहा नोंदी म्हणजे पाहणे नव्हे. ज्याचा एखादा आठवडा हुकला त्याने तो हुकला असे लिहावे. सत्रात दोन आठवडे हुकले तरी पूर्ण गुण शक्य असावेत.

वाङ्मयचौर्याचा नियम या विषयात थोडा वेगळा लिहावा लागतो. निबंधातील वाक्य ग्रंथातून उचलणे चूक आहे, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. संग्रहालयातील चित्राशेजारची माहितीपट्टी हाही कोणीतरी लिहिलेला मजकूर आहे आणि तिचा संदर्भ द्यावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी मौन पाळू नये. ही साधने प्रसिद्ध चित्रांचे गुळगुळीत वर्णन करतात आणि अधूनमधून चित्रात नसलेली वस्तूही आत्मविश्वासाने सांगतात. वही आणि पहिला निबंध यांसाठी त्यांचा वापर पूर्णपणे वर्ज्य असावा, कारण तेथे मोल डोळ्याच्या श्रमाचे आहे. दुसऱ्या निबंधाच्या भाषाशुद्धीसाठी वापर चालेल, परंतु तो शेवटी नोंदवावा. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांच्या निकालावर कोणालाही दोषी ठरवू नये. शंका आल्यास चित्र समोर ठेवून पाच मिनिटे बोलावे. ज्याने पाहिले आहे त्याला बोट कोठे ठेवायचे ते माहीत असते.

अंध किंवा अल्पदृष्टी विद्यार्थी वर्गात असेल, तर हा अभ्यासक्रम त्याच्यासाठी नाही असे कोणी सुचवले तरी ऐकू नका. पहिल्या निबंधांतील उत्तम वर्णने, लेखकांच्या संमतीने, त्याच्यासाठी पाठ्य बनतात. शिवाय स्पर्श करता येतील अशी शिल्पे किंवा उठावाच्या प्रतिकृती यादीत असाव्यात. प्रत्येक तासाच्या आरंभी कोणीतरी चित्राचे मोठ्याने वर्णन करावे, हा नियम मी अशाच एका विद्यार्थ्यामुळे सुरू केला, आणि पुढे तो सर्वांच्याच पाहण्याला इतका उपयोगी ठरला की कायम राहिला. रंगांतील भेद ओळखण्यात अडचण असलेल्यांनी तसे सांगावे, असेही लिहावे. त्यांच्या वहीत छाया आणि रेषा यांविषयी पुष्कळदा अधिक असते.

नग्नता आणि हिंसा यांचा प्रश्न येणारच. ओव्हिडच्या सहाव्या खंडात फिलोमेलावर अत्याचार होतो, तिची जीभ कापली जाते, आणि ती आपली कथा वस्त्रात विणून बहिणीला कळवते. शब्द हिरावले गेल्यावर प्रतिमा बोलते, याहून या विषयाच्या जवळचे पाठ्य शोधून सापडणार नाही, म्हणून मी ते गाळत नाही. मात्र अशा पाठ्याची आणि चित्रांची सूचना एक आठवडा आधी, कारणासह द्यावी, आणि ज्याला ते नको असेल त्याला तितकीच कठीण दुसरी जोडी घेता यावी. कारण विचारू नये. नग्न देह हा कलेच्या अभ्यासाचा विषय आहे, हेही त्याच परिच्छेदात सरळ शब्दांत सांगावे.

राहिली सत्रांत परीक्षा. तीन तासांची, एक न पाहिलेले चित्र आणि एक न वाचलेली कविता, दोन्ही परस्परांशी थेट संबंध नसलेली. संबंध असल्यास विद्यार्थ्याने दाखवावा, नसल्यास तसे म्हणण्याचे धाडस करावे. पहिली वीस मिनिटे लेखणी खाली ठेवावयाची. स्वतःची वही सोबत आणण्यास परवानगी असावी, इतर काहीही नको. चित्र पडद्यावर न दाखवता प्रत्येकाच्या बाकावर रंगीत छापील प्रत ठेवावी, आणि तिच्या खाली कलावंताचे नाव किंवा शीर्षक न देता फक्त माध्यम व सेंटिमीटरमधील मापे छापावीत. छपाईला द्यायचा मजकूर किमान दोन आठवडे आधी तयार ठेवा आणि आलेली पहिली प्रत दिवसाच्या उजेडात स्वतः तपासा. सावल्या काळ्या पडल्या असतील तर ती परत पाठवा.